दीडशे ग्रॅम होकार

कलिंगडाच्या गार फोडीवर काळ्या मिठाचा एक खडा ठेवला, तर साधारण चाळीस सेकंदांनी त्याच्याभोवती पाणी सुटायला लागतं. आधी खड्याची धार जाते, मग फोडीवर एक लहानसा चमकता ठिपका दिसतो, आणि दीड मिनिटात खडा नाहीसा होतो. मी हे घड्याळ लावून अकरा वेळा पाहिलं आहे. ताटली समोर यायला हवी ती या ठिपक्याच्या वेळी. आधी आली तर तिखट आणि पुदिना वर कोरडे बसतात, उशिरा आली तर दोन्ही वाहून खाली जातात. म्हणजे मीठ घातल्यापासून ताटली पाहुण्यांच्या हातात पडेपर्यंत माझ्याकडे फक्त चाळीस ते नव्वद सेकंदांची सोय होती. आमच्या शेणवे गावातल्या घरात स्वयंपाकघर ते ओटी हे अंतर अठरा पावलं आहे. सगळं व्यवस्थित बसत होतं!

त्या रविवारबद्दल लोक पुढे बरंच काही बोलले. मी निष्काळजी होते असं तरी कुणी म्हणू नये, म्हणून आकडे आधी दिले.

मी दर्शना. रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलं आणि गेली सात वर्षं वाशिंदजवळच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करते. गावोगावचे जलसुरक्षक विहिरींचं, बोअरचं पाणी बाटल्यांत भरून आणतात आणि ते प्यायला चालेल की नाही, हे आम्ही अठ्ठेचाळीस तासांत लिहून देतो.

साईनाथ हा मुरबाड तालुक्यातल्या एका गावचा जलसुरक्षक. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तो सहा बाटल्या घेऊन येतो. त्याची बाटली कधी गळत नाही, चिठ्ठी कधी पुसलेली नसते, आणि वेळेच्या रकान्यात तो खरी वेळ लिहितो. इतर लोक सगळ्या बाटल्यांवर सकाळचे दहा लिहून मोकळे होतात. आमच्या कामात माणूस लक्षात राहायला एवढं पुरतं.

चौदा महिन्यांपूर्वी त्यानं पाचव्या बाटलीच्या फॉर्मवर, ‘शेरा’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘पाण्याला वास नाही. लग्नाबद्दल विचार व्हावा, ही विनंती.’

मी फॉर्म फाइलला लावला आणि पोच दिली. पोचपावतीवर लिहिलं, ‘तपासणी सुरू आहे.’

ती चौदा महिने सुरू राहिली. त्याला कारण असं नव्हतं. विचार मी पहिल्याच आठवड्यात पूर्ण केला होता आणि उत्तर ‘हो’ असं आलं होतं. पण उत्तर आलं की ते पुन्हा पडताळून बघायचं, अशी आम्हाला सवय असते. पडताळलं, पुन्हा ‘हो’ आलं. मग पावसाळा लागला आणि नमुने तिप्पट झाले. मग दिवाळी आली. मग मला वाटलं, इतक्या उशिरा एकदम ‘हो’ म्हणणं विचित्र दिसेल. खरं सांगायचं तर तो शब्द तोंडातून काढायचा कसा, हेच मला समजत नव्हतं. माझ्याकडच्या कुठल्याच फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

दरम्यान साईनाथनं त्याच्या घरी सांगितलं होतं. त्याचे रामूमामा आमच्या घरी दोनदा येऊन गेले होते. दोन्ही घरांनी एकमेकांची शेती, माणसं आणि स्वभाव तपासले होते आणि कुणाला कुणात खोट सापडली नव्हती. अडकलं होतं ते माझ्यापाशी.

मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी त्यानं बाटल्या ओळीनं ठेवल्या आणि खाली बघत म्हणाला, “आई म्हणते, टोकावड्याच्या दुसऱ्या स्थळाची मंडळी आता थांबायला तयार नायत. शेवटच्या रविवारी आमी तुमच्याकडं येतोय. गोड मिळालं तर मिळालं. नाय तर सोमवारी टोकावड्याला जायचं.”

“बरं,” मी म्हणाले. आणि सहाव्या बाटलीचं झाकण उगाच घट्ट केलं.

‘गोड मिळालं तर’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या भावकीत मुलीला समोरासमोर हो की नाही असं विचारत नाहीत, आणि तिच्या घरचेही तोंडानं काही सांगत नाहीत. मुलाकडचे येतात, जेवतात, भाताच्या बियाण्याबद्दल बोलतात. जेवणानंतर मुलीच्या हातचं गोड ओटीवर आलं की तो होकार. पाहुणे ताटली पुसून खातात आणि तारखेचं बोलायला लागतात. मुलीला एक शब्दसुद्धा उच्चारावा लागत नाही! या पद्धतीला मागास म्हणणारे लोक आहेत. मला ती त्या मंगळवारी फारच पुढारलेली वाटली.

अडचण एकच होती. साईनाथचे वडील, नामाकाका, यांची उपाशीपोटी साखर दोनशे दहा निघाली होती. हे साईनाथनंच मला मार्च महिन्यात, क्लोरीनच्या गोळ्या मोजून घेताना सांगितलं होतं. आमच्याकडे गोड म्हणजे शिरा, आणि आईच्या हातच्या शिऱ्याच्या एका वाटीत तीस-पस्तीस ग्रॅम साखर सहज जाते. होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्याच दिवशी ती खायला घालायची आणि तिला होकार म्हणायचं, हे माझ्या बुद्धीला पटेना.

कलिंगडाच्या दीडशे ग्रॅम फोडींत साखर साधारण नऊ ग्रॅम. वर जांभळं. मीठ लावलं की फळाची गोडी आहे त्यापेक्षा जास्त जाणवते, हे आमच्या रानात करवंदं खाणाऱ्या पोरांनाही ठाऊक असतं. म्हणजे साखर कमी आणि गोडी जास्त. नामाकाकांची तब्येत सांभाळून दिलेला होकार! मी स्वतःवर इतकी खूश बऱ्याच दिवसांत झाले नव्हते.

सोनाराकडे असतो तसला छोटा काटा मी मागवून घेतला. एका ताटलीचं प्रमाण असं ठरलं. कलिंगड दीडशे ग्रॅम, सहा जांभळं चिरून, काळं मीठ अर्धा ग्रॅम, तव्यावर भाजून भरडलेलं जिरं पाव ग्रॅम, लाल तिखट त्याहून थोडं कमी, आणि पुदिन्याची चार पानं हातानं फाडून. सुरी लावली की ती काळी पडतात. चव बघायला माझा धाकटा भाऊ सुयोग होता. अकराव्या चाचणीला तो म्हणाला, “ताई, लग्न तुझं, आणि कलिंगड मी का खातोय?” पण प्रमाण बरोबर आहे, हे त्यानं मान्य केलं.

आईला मी फक्त एवढंच सांगितलं की रविवारी गोडाचं मी बघते.

आईच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली. चौदा महिन्यांत या विषयावर मी पहिल्यांदाच काही बोलले होते. तिनं ते बाबांना सांगितलं, बाबांनी शेजारच्या घरात राहणाऱ्या भिमीआत्याला सांगितलं, आणि भिमीआत्याला सांगितल्यावर पुढे कुणाला सांगायची गरज राहत नाही. संध्याकाळपर्यंत आळीत दोन बायका माझ्याकडे बघून हसल्या. आईनं एकदाच विचारलं, काय करणार आहेस. मी म्हटलं, फळं. ती म्हणाली, बरंच होईल, उन्हाचं गार. तिच्या डोळ्यांपुढे दूधसाखरेत बुडालेलं फ्रूट सॅलड होतं, हे मला फार नंतर कळलं.

रविवारी साडेअकराला पाहुणे जीपनं आले. चौघं होते. नामाकाका, साईनाथची आई मैनाकाकी, रामूमामा आणि साईनाथ. साईनाथनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि तो स्वतः पाण्याचा नमुना असल्यासारखा अवघडून, हलू नये अशा बेतानं बसला होता. गावठी कोंबडी आणि तांदळाच्या भाकऱ्या झाल्या. बाबा आणि नामाकाका भाताच्या वाणावर बोलले. रामूमामांनी मध्येच एकदा आतल्या दाराकडे बघून घसा साफ केला. गोडाची वेळ झाली होती.

ओटीवर सहा जण होते. चार पाहुणे, बाबा आणि भिमीआत्या. सहा ताटल्या मी ओळीनं मांडल्या. फोडी, जांभळं, जिरं, तिखट, पुदिना. शेवटी मीठ. घड्याळ सुरू केलं, ताट उचललं, अठरा पावलं चालले आणि ठेवलं. अडतीस सेकंद झाले होते. फोडीवरचा पहिला ठिपका नामाकाकांच्या समोरच फुटला. त्यांनी तो पाहिला का, कोण जाणे. मी खाली बघून परत आत आले. माझं उत्तर देऊन झालं होतं.

आत बसून मी ऐकत राहिले. पहिल्या मिनिटात कुणी बोललं नाही. आमच्याकडे खाताना कुणी बोललं नाही तर पदार्थ चांगला झाला असं धरतात. तिसऱ्या मिनिटालाही ओटीवर चिडीचूप. मी समाधानानं पुदिन्याची देठं गोळा केली. दाराच्या फटीतून एकदाच डोकावले, तर साईनाथ मान खाली घालून खात होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. मी हळवी बाई नाही. पण चौदा महिने थांबलेला माणूस, असं मनात आलं आणि मलाही क्षणभर गलबलून आलं.

मग जीप सुरू झाल्याचा आवाज आला. ताट ठेवल्यापासून सात मिनिटं आणि वीस सेकंद झाली होती. तारखेचं बोलायला एवढा वेळ फारच कमी होता.

मी ओटीवर आले. सहातल्या चार ताटल्या एकेक फोड सोडली तर भरलेल्या होत्या. नामाकाकांची अर्धी होती. साईनाथची मात्र चाटून पुसून रिकामी. बाबा भिंतीकडे तोंड करून खाटेवर आडवे झाले होते. आई उंबऱ्यावर बसून पदरानं डोळे पुसत होती.

“नाय म्हणायचं होतं तर आधी सांगायचंस गो,” ती म्हणाली. “चौदा महिने होते की तुला. असं घरी बोलवून तोंडावर मीठ मारायचं?”

मी म्हटलं की मी नाही म्हटलेलं नाही.

“मग हे काय हाय?”

“फळं.”

“आणि त्याच्यावर?”

मी तिला सगळं प्रमाण सांगितलं. ऐकताना तिचं रडणं थांबलं आणि ती माझ्याकडे बघतच राहिली.

उरलेलं भिमीआत्यानं समजावलं. आमच्या भावकीतल्या या पद्धतीला दोन बाजू आहेत, आणि मला एकच माहीत होती. गोड आलं की होकार, ही झाली एक. जेवणानंतर तिखटमिठाचं काही आलं, तर तो नकार. मी शिकायला नऊ वर्षं बाहेर होते आणि त्या काळात घरात कुणालाच नकार गेला नव्हता, त्यामुळे ही दुसरी बाजू माझ्या बघण्यात कधी आली नाही. आत्यानं पुरावाही दिला. तिच्या नणंदेला बघायला आलेल्या एका मुलाला चहाबरोबर शेव दिली होती, तर तो अजून त्या रस्त्यानं जात नाही, लांबून वळसा घेतो.

“पण नुसतं तिखटमीठ देणं वेगळं,” आत्या म्हणाली. “तू गोड दिलंस आणि त्याच्यावर मीठ टाकलंस. असं आमच्या साती पिढ्यांत कुणी केलं नाय.”

सात मिनिटांत ओटीवर काय झालं, ते सुयोगनं सांगितलं. तो पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. ताटल्या आल्यावर सगळ्यांनी आधी रामूमामांकडे बघितलं, कारण अशा गोष्टींचा अर्थ लावण्यात पंचक्रोशीत त्यांचं नाव आहे. मामांनी ताटली उजेडाकडे धरली. बोटानं फोड जरा हलवली. मग खालच्या आवाजात मैनाकाकींना म्हणाले, “कलिंगड हाय, म्हंजे पोरीच्या मनात होतं. मीठ हाय, म्हंजे मन फिरलं. वर तिखट हाय, म्हंजे परत येऊ नका.”

नामाकाकांनी विचारलं, “आणि हा पाला?”

पुदिन्याचा अर्थ मामांना लागेना. त्यांनी एक पान उचललं, हुंगलं आणि परत ठेवलं. शेवटी आमच्याच भिमीआत्यानं, माझी बाजू सावरायला म्हणून, पाहुण्यांना सांगितलं की पोरगी जास्त शिकलेली आहे, तिचं ‘नाही’सुद्धा जरा शिकलेलं असणार. त्यानं जी काही धुगधुगी होती तीही विझली.

तरी मैनाकाकी उठल्या नव्हत्या. त्या साईनाथकडे बघत होत्या. त्यानं एक शब्द न बोलता ताटली तोंडाजवळ धरली आणि सगळी संपवली, आणि संपवता संपवता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पोटचा पोरगा चारचौघांत असा रडतोय म्हटल्यावर कुठली आई बसून राहील? त्या उठल्या, त्यांच्यामागे सगळे उठले, आणि “येतो आमी” एवढं म्हणून चौघं जीपमध्ये जाऊन बसले.

मला साईनाथचं रडणं कळेना. नकार मिळाला म्हणून रडणारा माणूस आधी ताटली पुसून का खाईल? मी एक फोड उचलून तोंडात टाकली.

दहा सेकंदांत माझ्या कानांतून वाफ निघाली असं मला वाटलं. पंधराव्या सेकंदाला मी सुयोगच्या हातातला तांब्या घेतला. शून्य पूर्णांक दोन ग्रॅम तिखटानं हे होणं शक्य नव्हतं. बोलता यायला लागल्यावर मी आईला विचारलं, तिखटाच्या डब्याला कुणी हात लावला होता का.

“काल नवा मसाला गिरणीतल्या डंखावरनं कांडून आणला नाय का,” आई म्हणाली. “जुनं तिखट संपतच आलं होतं. म्हटलं डबा धुऊन त्याच्यातच नवा भरावा. यंदा लवंगी जास्त घातलेय.”

वर्षाचा मसाला मे महिन्यात होतो, हे मला माहीत होतं. डब्यावर ‘तिखट’ अशी चिठ्ठी मीच चिकटवली होती. बरणीवरची चिठ्ठी न बदलता आतला पदार्थ बदलला, तर आमच्या प्रयोगशाळेत लेखी खुलासा द्यावा लागतो. पण आईकडे खुलासा मागण्याची ती वेळ नव्हती. उद्या सोमवार होता. सोमवारी टोकावडे.

मी साईनाथला फोन लावला. तो संपर्क क्षेत्राबाहेर होता. पुन्हा लावला, पुन्हा बाहेर. किन्हवलीपर्यंत मध्ये रेंज नसते. मी एका जागी उभी होते आणि मला पहिल्यांदाच स्पष्ट दिसत होतं की उद्यापासून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सहा बाटल्या येतील, नीट झाकण लावलेल्या, खऱ्या वेळा लिहिलेल्या, आणि ‘शेरा’ हा रकाना कोरा असेल. छातीत काहीतरी दुखल्यासारखं झालं. लवंगी मिरची एवढ्या खाली जात नाही.

“सुयोग, गाडी काढ,” मी म्हणाले.

भिमीआत्या धावत स्वयंपाकघरात गेली आणि साखरेची डबी घेऊन आली. तिच्या मते अजून काही बिघडलेलं नव्हतं. रस्त्यात गाठायचं आणि प्रत्येकाच्या तोंडात चिमूटभर साखर घालायची, पहिला मान मुलाच्या बापाचा. तोंडानं काहीच सांगावं लागत नाही. मला हा उपाय मनापासून आवडला. डबी मी ओढणीच्या टोकात गाठ मारून बांधली.

सुयोगनं त्या दिवशी ज्या वेगानं मोटरसायकल चालवली, त्यावर एरवी मी दहा मिनिटं बोलले असते. त्या दिवशी मी फक्त हेल्मेटचा पट्टा तपासला. आपण त्यांना गाठणार कसं, जीप दहा-बारा मिनिटं पुढे आहे, हे गणित मी वाटेत तीनदा केलं आणि तिन्ही वेळा उत्तर नकारार्थी आलं. पण गणितात लवंगी धरलेली नव्हती. किन्हवलीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला रसवंती आहे. तिच्यासमोर जीप उभी होती आणि चौघंही बाकावर होते.

त्यांची अवस्था बघण्यासारखी होती. रामूमामा जीभ बाहेर काढून वर्तमानपत्रानं वारा घेत होते. मैनाकाकींनी ओठांवर बर्फ धरला होता. साईनाथचे ओठ सुजून शेंदरी झाले होते. आणि नामाकाका, ज्यांच्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता, ते उसाच्या रसाचा दुसरा ग्लास तोंडाला लावत होते. पहिला रिकामा बाकावर होता. चरकाला बांधलेली घुंगरं जोरात वाजत होती.

मला बघून साईनाथ उभा राहिला. त्याच्याजवळ जाऊन मी विचारलं, “तू मघाशी रडत होतास?”

“नाय,” तो म्हणाला. “तिखट होतं.”

“मग सगळं का खाल्लंस?”

“तू मोजून केलं असशील, असं वाटलं.”

हे वाक्य मी तिथंच नोंदवून ठेवलं असतं. पण तेवढ्यात रामूमामांना माझ्या ओढणीची गाठ दिसली. मी ती सोडून डबी बाहेर काढली तशी त्यांची मुद्रा पालटली. साखर आणलीय पोरीनं, असं ते मोठ्यानं म्हणाले आणि मैनाकाकींना कोपरानं डिवचलं. मैनाकाकींनी ओठांवरचा बर्फ खाली ठेवला. त्यांचा राग गेला नव्हता, पण त्या बघत होत्या. मामांनी मला खुणेनं दाखवलं, आधी नामा. पहिला मान बापाचा. नामाकाकांनीही समजून ग्लास जरा बाजूला केला आणि लहान मुलासारखं तोंड उघडलं.

मी डबीचं झाकण काढलं. चिमटीत साखर घेतली. आणि थांबले.

एका मोठ्या ग्लासभर उसाच्या रसात तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. एक ग्लास पोटात गेला होता, दुसरा निम्मा झाला होता. उपाशीपोटी दोनशे दहा असलेल्या माणसाला मी आता वरून चिमूटभर साखर भरवणार होते. एका चिमटीनं फार फरक पडत नाही, हे मलाही कळतं. पण माझा हात पुढे जाईना. जे टाळण्यासाठी मी आठवडाभर कलिंगड मोजलं होतं, तेच हातानं करायचं?

मी साखर डबीत परत टाकली आणि झाकण लावलं. मग नामाकाकांच्या हातातला रसाचा ग्लास काढून घेतला आणि चरकाशेजारी नेऊन ठेवला.

रामूमामांनी डोळे मिटून घेतले. साखर दाखवून परत डबीत घालणं याचा अर्थ काय होतो, हे त्यांना बहुधा सांगवत नव्हतं. नामाकाकांचं तोंड अजून उघडंच होतं.

मैनाकाकी मात्र उठल्या. “घरात गोड दिलं नाय,” त्या म्हणाल्या. “तुझ्या तिखटानं तोंड भाजलं म्हणून बिचारा दोन घोट पितोय, तर तोबी ग्लास हातातनं काढून घेतलास. साखर दाखवलीस आणि परत ठेवलीस. आमच्या घरातल्या माणसानं काय प्यावं नि काय नाय, हे सांगणारी तू यांची कोण लागतेस गो?”

प्रश्न सरळ होता. असा सरळ प्रश्न मला चौदा महिन्यांत कुणी विचारला नव्हता. आमच्याकडे विचारत नाहीत. सुयोग मागून हळूच म्हणत होता, ताई, साखर दे, साखर दे. साईनाथ सुजलेल्या ओठांनी माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर तो बाटल्या ठेवून झाल्यावर असतो तसा, पावतीची वाट बघणारा भाव होता.

“सून,” मी म्हणाले.

घुंगरांच्या आवाजात ते माझं मलाही ऐकू आलं नाही.

“काय?” मैनाकाकींनी कानामागे हात नेला.

मी घसा खाकरला. माझ्या आईवडिलांनी, शिक्षकांनी, प्रयोगशाळेतल्या सात वर्षांच्या सहकाऱ्यांनी माझा जो आवाज कधी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी किन्हवलीच्या रस्त्यावरच्या दहा-बारा अनोळखी माणसांनी ऐकला.

“सून!” मी ओरडले. आणि नोंदीत चूक राहायला नको म्हणून लगेच दुरुस्ती केली, “होणारी.”